‘प्रिन्स ऑफ टेनिस’ बघायचंय? मग आधी हे वाचा

मी ही जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका चुकीच्या टोकाने सुरू केली. यादीत जे नाव सगळ्यात वर दिसलं त्यावर बोट ठेवलं, आणि समोर आला २०१२ सालचा ‘द न्यू प्रिन्स ऑफ टेनिस’. पहिल्याच भागात पन्नास मुलं एका शिबिरात आलेली, सगळे एकमेकांना ओळखणारे, जुनी उणीदुणी काढणारे. लग्नाला गेल्यावर कळावं की आपण चुकीच्या कार्यालयात येऊन बसलोय, तसं झालं. तीन भागांत कंटाळून सोडलं. वर्षभराने मावसभावाने डोक्यात टपली मारून सांगितलं, “अगं, तो पुढचा भाग आहे. आधीचे दोनशे बघितलेस का?”

नव्याने बघणाऱ्यांचं घोडं नेमकं कुठे अडतं ते माझं स्वतःचं अडल्यामुळे मला ठाऊक आहे. शेवट फोडणार नाही, पण सुरुवातीच्या गोष्टींबद्दल थोडं बोलावंच लागेल.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- कायदेशीर स्ट्रीमिंगचं खातं. हक्क देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून आपल्या सेवेत नाव शोधून बघा आणि कोणती मालिका आहे ते भागांच्या संख्येवरून ओळखा (पायरी १ बघा).
- सबटायटल्स वाचायची तयारी.
- एक वही किंवा फोनमधली नोंद. नावं खूप आहेत. हसू नका, पुढे लागेल.
- वेळ. मूळ मालिकेचे १७८ भाग, प्रत्येकी साधारण २३ मिनिटांचे. म्हणजे ६८ तासांच्या आसपास. रोज दोन भाग बघितले तर तीन महिने.

टेनिस खेळता येणं गरजेचं नाही. माझ्या हातात आजतागायत रॅकेट आलेली नाही.

पायरी १ : कोणता ‘प्रिन्स’ आधी, ते ठरवा

मुळात ही ताकेशी कोनोमी यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. ‘वीकली शोनेन जम्प’ या साप्ताहिकात ती १९९९ ते २००८ या काळात आली आणि तिचे ४२ खंड झाले. त्यावरून बनलेल्या ॲनिमेचा क्रम असा :

- मूळ टीव्ही मालिका : १७८ भाग, ऑक्टोबर २००१ ते मार्च २००५, टीव्ही टोकियो.
- राष्ट्रीय स्पर्धेचे ओव्हीए : एकूण २६ भाग, २००६ ते २००९. ओव्हीए म्हणजे टीव्हीवर न दाखवता थेट डीव्हीडीवर आणलेले भाग. हे तीन तुकड्यांत आले : १३, मग ६, मग ७.
- ‘द न्यू प्रिन्स ऑफ टेनिस’ : १३ भाग, २०१२. त्यानंतर त्याचेही ओव्हीए आले, आणि २०२२ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे भाग सुरू झाले.

याच क्रमाने बघा. सगळ्यात मोठा सापळा मधल्या पायरीत आहे. टीव्ही मालिका संपली की गोष्ट संपली असं वाटतं, आणि लोक ओव्हीए गाळून थेट २०१२ वर उडी मारतात. पण ज्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ही मुलं पहिल्या भागापासून घाम गाळतायत, ती स्पर्धाच त्या २६ भागांत आहे! काही याद्यांमध्ये हे भाग १७९ पासून पुढे क्रमांक देऊन जोडलेले असतात, काही ठिकाणी ते वेगळ्याच नावाखाली असतात. ‘राष्ट्रीय स्पर्धा’ असा उल्लेख कुठे आहे ते शोधा.

चित्रपट सध्या बाजूला ठेवा. २००५ चा पहिला चित्रपट एका आलिशान जहाजावर घडतो आणि टेनिस सुरू असताना त्यात डायनासोर नामशेष होतात. खोटं नाही सांगत. पण तो आनंद मुलांची ओळख झाल्यावरच घ्यावा.

पायरी २ : शाळेचं गणित समजून घ्या

गोष्ट घडते टोकियोतल्या सेइशुन गाकुएन या काल्पनिक शाळेत. सगळे तिला सेइगाकु म्हणतात. ही माध्यमिक शाळा तीन वर्षांची, आपल्या सातवी ते नववीच्या जवळपास. नायक एचिझेन र्योमा बारा वर्षांचा, पहिल्या वर्षाला. कर्णधार तेझुका कुनिमित्सु तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्याकडचा नववीतला मुलगा. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण पडद्यावर तेझुका प्रशिक्षक वाटतो, किंवा बँकेतला शाखाधिकारी. माझ्या आईने तर त्याला नायकाचा बाप समजून दोन भाग काढले. र्योमाचा खरा बाप, नान्जिरो, मात्र वागण्याने घरातला सगळ्यात लहान मुलगा वाटतो.

जपानी शाळांतल्या क्लबांची शिस्त माहीत नसेल तर पहिले काही भाग विचित्र वाटतात. नवी मुलं बॉल गोळा करतात, जाळी लावतात, रॅकेट फिरवायचा सराव करतात. कोर्टवर खेळायला मिळणं दूरची गोष्ट. वरच्या वर्गातल्यांना ‘सेम्पाइ’ म्हणायचं, कर्णधाराला ‘बुचो’. उशीर झाला, भांडलात, आगाऊपणा केलात, की मैदानाला चकरा. तेझुका ज्या थंडपणे “वीस चकरा” म्हणतो, त्यावर नंतर तुम्हीही घरात विनोद कराल.

जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि तिसऱ्या वर्षाची मुलं साधारण उन्हाळ्याच्या स्पर्धांनंतर क्लबमधून निवृत्त होतात. म्हणजे तेझुका, ओइशी, फुजी, किकुमारु, इनुइ, कावामुरा यांच्यासाठी हा शेवटचा उन्हाळा आहे. मालिका हे फारसं बोलून दाखवत नाही, पण एकदा लक्षात आलं की साध्या सरावाच्या प्रसंगातही काहीतरी टोचतं.

पायरी ३ : लागेल तेवढंच टेनिस शिका

पाच मिनिटांचं काम आहे.

गुण : लव्ह, फिफ्टीन, थर्टी, फॉर्टी, गेम. फॉर्टी-ऑल झालं की ड्यूस; तिथून सलग दोन गुण घ्यावे लागतात. सहा गेम जिंकले की सेट, पण दोन गेमची आघाडी हवी. सहा-सहा झालं तर टायब्रेक : आधी सात गुण करेल तो, पण तिथेही दोनाचा फरक हवा. हा फरक पडेपर्यंत टायब्रेक चालूच राहतो. ही शेवटची ओळ पाठ करा. ह्योतेई शाळेविरुद्धचा एक अख्खा सामना तिच्यावर उभा आहे.

टीव्हीवर विम्बल्डन बघणाऱ्यांची इथे फसगत होते. तिथे तीन किंवा पाच सेट असतात, इथे प्रत्येक सामना एकाच सेटचा. पंच सुरुवातीलाच तसं ओरडून सांगतो.

राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या सांघिक लढतींचा क्रम : डबल्स २, डबल्स १, सिंगल्स ३, सिंगल्स २, सिंगल्स १. पाचपैकी तीन जिंकले की लढत खिशात. आकडा जितका लहान तितका खेळाडू तगडा, आणि ‘१’ सगळ्यात शेवटी येतो. म्हणूनच “सिंगल्स १ पर्यंत जाऊच देणार नाही” ही धमकी असते. मला हे कळायला बरेच भाग लागले. तोवर मी कर्णधार नुसता हाताची घडी घालून का उभा असतो म्हणून वैतागत होते.

स्पर्धांचा जिना असा : जिल्हा, मग टोकियो, मग कान्तो, म्हणजे टोकियोभोवतीचा विभाग, मग राष्ट्रीय.

पायरी ४ : नऊ जणांचा तक्ता करा

वही इथे काढा. संघात जागा आठ आणि मुलं नऊ. शाळेत दर महिन्याला आपापसात चार गटांत सामने होतात, प्रत्येक गटातले पहिले दोघे ‘रेग्युलर’ ठरतात आणि त्यांनाच तो निळा-पांढरा जर्सी-कोट मिळतो. नऊ आणि आठच्या या गणितावरच सुरुवातीचा ताण आहे.

माझ्या वहीतला तक्ता जसाच्या तसा :

- एचिझेन र्योमा : पांढरी टोपी, डावखुरा, पण समोरच्याला जोखेपर्यंत उजव्या हाताने खेळतो. अमेरिकेतून आलेला. कायम पोन्ता नावाचं थंड पेय पिताना दिसतो. घरी कारुपिन नावाचं मांजर.
- तेझुका कुनिमित्सु : वर सांगितलेला शाखाधिकारी. “गाफील न राहता चला.”
- ओइशी : उपकर्णधार, सगळ्यांची काळजी करणारा. प्रत्येक संघात एक असतोच.
- किकुमारु : ओइशीचा डबल्समधला जोडीदार, कोलांट्या मारत खेळणारा. र्योमाला ‘ओचिबी’, म्हणजे ‘बुटक्या’ म्हणतो.
- फुजी : कायम हसतमुख, डोळे मिटलेले. डोळे उघडले की समोरच्याचं काही खरं नाही.
- इनुइ : चष्मा, वही, आकडेमोड. सरावात हरलेल्यांना स्वतः बनवलेला भाजीचा रस पाजतो.
- कावामुरा : लाजाळू, घरचं सुशीचं दुकान. हातात रॅकेट दिली की अंगात येतं आणि इंग्रजीत ओरडायला लागतो.
- मोमोशिरो : दिलदार, खादाड, उडी मारून स्मॅश मारणारा.
- काइदो : डोक्याला रुमाल, सापासारखा फूत्कार. मोमोशिरोशी कधीच पटत नाही.

सबटायटल्समध्ये कधी आडनाव, कधी नाव, कधी टोपणनाव येतं. जपानीत आडनाव आधी असतं, पण काही भाषांतरकार ते उलटवतात. ‘मोमो’, ‘मोमोशिरो’ आणि ‘ताकेशी’ हे तीन वेगळे लोक नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

पायरी ५ : पहिले भाग धीराने बघा

पहिलाच प्रसंग आगगाडीतला. एक मोठा मुलगा रॅकेट फिरवत मित्रांना पकड शिकवतोय, हस्तांदोलन केल्यासारखी धरायची ती वेस्टर्न ग्रिप म्हणून. कोपऱ्यात बसलेला र्योमा थंडपणे सांगतो की ती ईस्टर्न. जमिनीवर पडलेली रॅकेट वरून उचलल्यावर जी होते ती वेस्टर्न. हे अगदी बरोबर आहे. या टप्प्यावर मालिका खरं टेनिस दाखवते. र्योमाची ट्विस्ट सर्व्हिस, जी टप्पा पडल्यावर उसळून समोरच्याच्या तोंडाकडे येते, ती म्हणजे खऱ्या टेनिसमधली किक सर्व्हिस थोडी फुगवलेली. मोमोशिरोचा उडी मारून मारलेला स्मॅश पीट सॅम्प्रास खरोखरच मारायचा.

पण सुरुवातीचे भाग हळू आहेत, हे कबूल करायला हवं. र्योमा कुणालातरी गर्विष्ठपणे हरवतो आणि म्हणतो, “मादा मादा दाने.” सबटायटल्समध्ये याचं दर वेळी काहीतरी वेगळंच भाषांतर असतं. मी मनातल्या मनात “अजून कच्चं लिंबू आहेस” असं करून टाकलं आणि तिथून सगळं सोपं झालं.

र्योमा आवडत नाही म्हणून मालिका सोडणारे बरेच आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ही मालिका खरंतर त्याची नाहीच. फुदोमिने शाळेशी गाठ पडेपर्यंत थांबा. कुणी ओळखत नसलेला संघ, काळे कपडे, मोजकी मुलं आणि मागे एक अपमान. तिथे पहिल्यांदा कळतं की समोरच्या संघालाही स्वतःची गोष्ट आहे, आणि ती कधीकधी आपल्या संघापेक्षा चांगली आहे. फुदोमिनेही आवडलं नाही, तर खुशाल सोडा. पुढे याहून वेगळं काही मिळणार नाही.

पायरी ६ : टेनिस कधी हातातून निसटतं ते ओळखा

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि नव्यांची सगळ्यात जास्त गळती इथेच होते.

मालिका एका सरळ रेषेत वेडी होत जाते. आधी किक सर्व्हिस. मग फुजीचा ‘त्सुबामे गाएशी’, म्हणजे परतणारी पाकोळी : समोरच्याच्या टॉपस्पिनला, म्हणजे पुढे गरगरत येणाऱ्या बॉलला, असा स्लाइस, म्हणजे उलटी फिरकी लावायचा की बॉल टप्पा पडल्यावर उसळतच नाही, जमिनीवरून घरंगळत जातो. नाव घेतलंय सासाकी कोजिरो या प्रसिद्ध जपानी तलवारबाजाच्या डावावरून. इथवर भौतिकशास्त्र नाक मुरडतं पण घरात राहतं. मग तेझुकाचा ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीपलीकडे हळूच टाकलेला बॉल, जो पडल्यावर उलटा जाळीकडे येतो. मग ‘तेझुका झोन’ : तो एका जागी उभा, आणि समोरच्याने कुठेही मारलेला बॉल फिरकीमुळे ओढल्यासारखा त्याच्याकडेच येतो. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत एक मुलगा एकाचे दोन होऊन खेळतो, आणि ते बघून प्रेक्षकांपैकी कुणीही पोलिसांना बोलावत नाही.

चूक अशी होते की आपण ‘हे शक्य आहे का?’ हा प्रश्न शेवटपर्यंत सोबत नेतो. तो कान्तो स्पर्धेच्या दारात चपलांसोबत काढून ठेवा. तिथून पुढे प्रत्येक शॉट हा त्या मुलाचा स्वभाव असतो. फुजी कधीच स्वतः हल्ला करत नाही, त्याचे सगळे डाव समोरच्याच्या डावाला उत्तर म्हणून येतात. त्याच्या मनात जिंकायची इच्छा आहे की नाही हा प्रश्न पुढे मोठा होतो. इनुइ आकड्यांवर विसंबतो, म्हणून त्याला हरवायला आकड्यांत न बसणारा माणूस लागतो. अशा नजरेने बघितलं की उडणारे, जळणारे, चमकणारे बॉल खटकत नाहीत. माझा मावसभाऊ क्लबात टेनिस खेळतो. तो हे भाग पोट धरून हसत बघतो आणि तरी एकही चुकवत नाही.

पायरी ७ : ह्योतेईच्या वेळी घाई करू नका

कान्तो स्पर्धेची पहिलीच लढत. ह्योतेई शाळेच्या क्लबात दोनशेवर मुलं आणि त्यांचा कर्णधार आतोबे केइगो. तो चुटकी वाजवतो, दोनशे मुलं एका दमात गप्प होतात. इतका दिखाऊ मुलगा की पहिल्या भेटीत संताप येतो, आणि नंतर तोच लक्षात राहतो. जपानमध्ये चाहते व्हॅलेंटाइनला या पात्रांच्या नावे खरीखुरी चॉकलेटं पाठवतात आणि कुणाला किती आली ते जाहीर होतं. आतोबे तिथे कायम वरच्या रांगेत असतो.

या लढतीत सिंगल्स १ ला तेझुका आणि आतोबे समोरासमोर येतात. निकाल सांगत नाही. फक्त दोन सूचना : हे भाग एका बैठकीत बघा, आणि त्याआधी समाजमाध्यमांवर या दोघांची नावं शोधू नका. व्हिडिओच्या छोट्या चित्रावरच निकाल लिहिलेला असतो. माझा असाच फुटला होता. तरीही त्या टायब्रेकला मी उभी राहून टीव्ही बघत होते.

पायरी ८ : काय गाळलं तरी चालेल

१७८ पैकी सगळे भाग मूळ मांगातले नाहीत. मालिका मांगाच्या पुढे धावू नये म्हणून मध्ये भर घातलेली आहे. कान्तो स्पर्धेतली जोसेई शोनान शाळा ॲनिमेची भर. मांगात त्या जागी मिदोरियामा आहे. आणि रिक्काइ शाळेविरुद्धच्या कान्तोच्या अंतिम लढतीनंतर येणारं निवड शिबिर आणि अमेरिकेच्या संघाशी होणारे सामने हेही ॲनिमेनेच रचलेले.

वेळ कमी असेल तर अमेरिकेचा भाग उडवा. राष्ट्रीय स्पर्धा समजायला काही अडणार नाही. बाकी एकेकट्या हलक्याफुलक्या भागांना मात्र हात लावू नका. सुशीच्या दुकानातली गर्दी, इनुइचा रस, मांजर हरवणं, यातूनच ही मुलं आपली होतात. ते गाळून नुसते सामने बघितले तर उरतो धावफलक.

रिक्काइ मात्र काहीही झालं तरी गाळू नका. सलग दोन वेळा राष्ट्रीय विजेती शाळा, तिसऱ्यांदा जिंकायला निघालेली, आणि तिचा कर्णधार युकिमुरा त्या वेळी रुग्णालयात. कान्तोची अंतिम लढत चालू असताना तिकडे त्याची शस्त्रक्रिया चाललेली असते. आपण कुणाच्या बाजूने आहोत हे मला त्या भागांत धड ठरवता आलं नाही.

पायरी ९ : ओव्हीए आणि पुढे

ओव्हीएमध्ये चित्रशैली बदललेली दिसेल, चेहरे थोडे वेगळे. दोन भागांत सवय होते. पहिल्या १३ भागांत ओकिनावाची हिगा शाळा आणि पुन्हा एकदा ह्योतेई, पुढच्या ६ मध्ये ओसाकाची शितेन्होजी, शेवटच्या ७ मध्ये अंतिम लढत. शितेन्होजीची मुलं कोर्टवर विनोद करत जिंकतात. दमलेल्या डोक्याला तो चांगला उतारा आहे.

इथे थांबलात तरी गोष्ट पूर्ण झालेली असते. पुढे जायचं असेल तर २०१२ ची मालिका आता उघडा. ती पन्नास मुलं शिबिराच्या फाटकातून आत येतील आणि तुम्ही एकेकाला नावाने ओळखाल. शिवाय रंगमंचही आहे : २००३ पासून जपानमध्ये या मांगावर संगीत नाटकं होतात. तिथे बॉल नसतोच. दिव्याचा झोत आणि रॅकेटचा आवाज यांवर अख्खी रॅली, म्हणजे बॉलची देवाणघेवाण, खेळली जाते. एखादी चित्रफीत मिळाली तर बघा, पण ह्योतेईच्या भागांनंतरच.